नव्या शहरातला कलाकट्टा कसा शोधावा आणि तिथे कसे रुळावे

मोठ्या शहरात नव्याने राहायला आलेल्या आणि चित्र, कविता, नाटक किंवा संगीत यांपैकी कशाशी तरी नाते असलेल्या माणसाला दोन प्रकारची ठिकाणे विनासायास सापडतात. एक म्हणजे नावाजलेली नाट्यगृहे आणि कलादालने. दुसरी म्हणजे भिंतीवर जुने टाइपरायटर आणि पिवळे दिवे टांगून कलावंतांच्या अड्ड्याचा देखावा उभा करणारे कॅफे. या दोन्हींच्या आड एक तिसरे जग असते, ज्यात तळघरातील रंगमंच, कलावंतांनीच चालवलेली दालने, सभासदांपुरते उघडणारे क्लब आणि आठवड्यातून एकदाच जिवंत होणारी उपाहारगृहे मोडतात. त्याची पाटी बहुधा रस्त्यावरून दिसत नाही, आणि दिसली तरी आत शिरावे की नाही याचा अंदाज येत नाही. या जगात पहिले पाऊल टाकणाऱ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण पुढील सर्व पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. नवखा माणूस जागा शोधत फिरतो. प्रत्यक्षात शोधायची असते ती ठरावीक संध्याकाळ. पॅरिसमधील ज्या काफे गेर्ब्वामध्ये १८६० च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार एदुआर माने आणि पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखले गेलेले त्यांचे सोबती जमत, तिथे या मंडळींची मुख्य बैठक गुरुवारी भरत असे. एरवी ते इतर काफेंसारखेच एक काफे होते. आजही परिस्थिती फारशी वेगळी नाही. ज्या कॅफेत सोमवारी दुपारी लोक संगणक उघडून मुकाट्याने नोकरीचे काम करत बसलेले असतात, तिथेच महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी खुर्च्या मागे सरकवून कवितावाचन होत असते. सोमवारी डोकावून निराश झालेला माणूस ते ठिकाण कायमचे खोडून टाकतो.

पहिली पायरी : कोणत्या प्रकारचे ठिकाण आहे, ते ओळखावे

वरवर सारखी दिसणारी ही ठिकाणे चालतात मात्र वेगवेगळ्या रीतीने, आणि ती रीत कळली की तिथे कसे वागावे हेही बरेचसे आपोआप कळते.

सर्वांत जुना प्रकार म्हणजे मालकाच्या आवडीवर चालणारे उपाहारगृह. रोदोल्फ सालिस यांनी १८८१ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात सुरू केलेले 'ल शा न्वार' हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे छायानाट्ये होत, कवी आपल्या रचना म्हणत आणि एरिक साती पियानो वाजवीत. परंतु हा सारा डोलारा सालिस यांच्या उत्साहावर उभा होता आणि १८९७ मध्ये त्यांच्या निधनाबरोबर तो संपला. त्याच वर्षी बार्सिलोनामध्ये पेरे रोमेउ यांनी 'एल्स क्वात्रे गात्स' उघडले. रोमेउ यांनी त्याआधी 'ल शा न्वार'मध्येच काम केले होते. या बार्सिलोनातील जागेत १९०० च्या फेब्रुवारीत अठरा वर्षांच्या पाब्लो पिकासोचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. अशा ठिकाणी मालकाशी किंवा गल्ल्यावर बसणाऱ्याशी ओळख होणे हीच गुरुकिल्ली असते, कारण भिंत कोणाला द्यायची आणि बुधवार कोणाचा, हे तेथे एकच माणूस ठरवतो.

दुसरा प्रकार कलावंतांनी एकत्र येऊन चालवलेल्या जागांचा. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९७० मध्ये '११२ ग्रीन स्ट्रीट' या पत्त्यावर जेफ्री ल्यू आणि गॉर्डन मॅटा-क्लार्क यांनी एक रिकामी गोदामवजा जागा कलावंतांसाठी खुली केली. तीच संस्था पुढे 'व्हाइट कॉलम्स' या नावाने चालू राहिली. या प्रकारात मालक नसतो, समिती असते. निर्णय सावकाश होतात, उत्तरे उशिरा येतात, आणि प्रत्येक जण दिवसा दुसरीकडे नोकरी करत असतो. पत्राला दोन आठवड्यांत उत्तर आले नाही म्हणून तो नकार समजू नये. कार्यक्रमाच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन भेटावे.

तिसरा प्रकार सभासदत्वाच्या क्लबचा, ज्याची नवख्याला सर्वांत अधिक धास्ती वाटते. दारावर 'केवळ सभासदांसाठी' असे लिहिलेले पाहून तो परत फिरतो. या पाटीमागे बऱ्याचदा तुसडेपणा नसतो. परवान्याचा प्रश्न असतो. एलेन स्टुअर्ट यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कमधील एका तळघरात सुरू केलेल्या 'ला मामा' या नाट्यगृहाला शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि नगरपालिकेचे नियम यांनी इतके जेरीस आणले की अखेर त्यांनी त्याचे रूपांतर खासगी क्लबमध्ये केले आणि प्रेक्षक वर्गणी भरून सभासद झाले. आजही अनेक शहरांत अशा क्लबचे सभासदत्व दारातच, नाममात्र रक्कम भरून आणि एका वहीत नाव लिहून मिळते. काही क्लबांना मात्र जुन्या सभासदाची शिफारस लागते किंवा नोंदणी आदल्या दिवशी करावी लागते, म्हणून जाण्यापूर्वी विचारून घेणे बरे.

चौथा प्रकार म्हणजे पडीक इमारती, कारखाने किंवा गोदामे यांत उभे राहिलेले कलासंकुल. बर्लिनमधील 'टाखेलेस' ही मोडकळीला आलेली इमारत १९९० मध्ये कलावंतांनी ताब्यात घेतली आणि २०१२ मध्ये तेथून शेवटच्या माणसाला बाहेर पडावे लागले. अशा जागांचे आकर्षण मोठे असते, पण त्यांच्याबाबत सुरक्षिततेचा वेगळा विचार करावा लागतो. तो पुढे केला आहे.

दुसरी पायरी : शोध

शहरातील 'दहा उत्तम कलात्मक कॅफे' अशा याद्यांपासून आरंभ करू नये. त्या याद्यांत जी ठिकाणे येतात त्यांच्याकडे जाहिरातीसाठी वेळ आणि पैसा असतो, आणि आपल्याला हव्या असलेल्या जागांकडे नेमक्या याच दोन गोष्टींची टंचाई असते.

त्याऐवजी कलावंत ज्या दुकानांत नाइलाजाने जातात तिथून सुरुवात करावी. रंग, कुंचले आणि कॅनव्हास विकणारी दुकाने, जुन्या पुस्तकांची दुकाने, वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर, छोट्या आवृत्त्या छापणारे मुद्रक, नेपथ्य आणि वेशभूषा भाड्याने देणारे, तसेच कला महाविद्यालयांचे सूचनाफलक या ठिकाणी लावलेली पत्रके वाचावीत. पत्रकाच्या वरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा तळाच्या बारीक मजकुरात अधिक माहिती असते: जागा कोणी दिली, ध्वनियोजना कोणाची, आयोजक कोण आणि आभार कोणाचे. निरनिराळ्या तीन-चार पत्रकांवर एखादे नाव पुन्हा पुन्हा आढळले, तर ती व्यक्ती किंवा संस्था त्या शहरातील या जगाच्या मध्यभागी आहे असे खुशाल समजावे आणि तिचा पुढचा कार्यक्रम कुठे आहे ते पाहावे.

दुसरा मार्ग कलावंताचा माग काढण्याचा आहे. मोठ्या नाट्यगृहात एखादा दुय्यम भूमिकेतील नट किंवा साथीचा वादक आवडला, तर तो इतर दिवशी कुठे काम करतो ते शोधावे. मोठ्या मंचावर काम करणाऱ्या बहुतेकांचे मन एखाद्या छोट्या मंचावर गुंतलेले असते आणि तो कुठे आहे हे सांगायला त्यांना आवडते. मराठी रसिकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकांची जी चळवळ फुलली, तिची वार्ताही प्रामुख्याने अशी तोंडातोंडीच पसरली असणार.

तिसरी पायरी : एक वार ठरवून घ्यावा

शोधातून हाती आलेल्या पाच-सहा नावांमधून लगेच सगळीकडे धावू नये. प्रत्येक ठिकाणी एकदा जाणारा माणूस सगळीकडे पाहुणाच राहतो. आपल्या कामाच्या वेळा, रात्री परत येण्याची सोय आणि आपली आवड या तिन्ही गोष्टी जिथे जुळतात असा एक पुनरावृत्त होणारा कार्यक्रम निवडावा आणि काही महिने तो सोडू नये. कार्यक्रम आठवड्याचा असेल तर उत्तम, पंधरवड्याचा असला तरी चालेल. महिन्यातून एकदाच होणाऱ्या बैठकीत मात्र चेहरे लक्षात राहायला वर्ष लागते.

निवड करताना गर्दीच्या रात्री टाळाव्यात. प्रदर्शनाच्या उद्घाटनाची संध्याकाळ नवख्याला सोपी वाटते, कारण प्रवेश मोकळा असतो. परंतु त्या दिवशी यजमानाला वेळ नसतो, चित्रकार नातेवाइकांनी वेढलेला असतो आणि चित्रांपुढे माणसांच्या पाठी असतात. तेच प्रदर्शन आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी पाहिले, तर दालनात बसलेली व्यक्ती आपणहून बोलू लागते, आणि ती अनेकदा स्वतः चित्रकारच असते. प्रत्यक्ष मॉडेल बसवून रेखाटन करण्याचे वर्ग, वाचनगट, नाटकाच्या संहितेचे जाहीर वाचन आणि वादकांची जॅम बैठक (आयत्या वेळी जमून एकत्र वाजवणे) हे चार प्रकार नवख्याला विशेष मानवतात, कारण तिथे हाताला किंवा कानाला काम असते आणि अनोळखी माणसाशी काय बोलावे हा प्रश्नच उभा राहत नाही. रेखाटनाच्या वर्गात आधी एक-दोन मिनिटांच्या आणि मग वीस मिनिटांपर्यंतच्या मुद्रा असतात. मधल्या विश्रांतीत सर्व जण एकमेकांच्या वह्या पाहतात, आणि ओळख तिथेच होऊन जाते.

चौथी पायरी : पहिली संध्याकाळ

जाहीर केलेल्या वेळेच्या थोडे आधी जावे. कार्यक्रम उशिरा सुरू होईल हे जवळपास गृहीत धरावे, पण त्या रिकाम्या वेळातच खुर्च्या मांडल्या जातात, ध्वनिवर्धकाची तपासणी होते आणि आयोजक मोकळे असतात. "मी शहरात नवीन आहे, पहिल्यांदाच आलो आहे, इथे काय पद्धत आहे?" एवढे वाक्य पुरते. स्वतःच्या कामाची माहिती कोणी विचारेपर्यंत देऊ नये, आणि पहिल्याच भेटीत आपल्या कवितांची वही किंवा चित्रांचा संच पिशवीतून बाहेर काढू नये. हा संकोचाचा सल्ला नाही. आयोजकाकडे अशी मागणी घेऊन येणारे पुष्कळ असतात आणि नुसते ऐकायला येणारे कमी, त्यामुळे दुसऱ्या गटातील माणूस त्याच्या अधिक लक्षात राहतो.

जुन्या मंडळींच्या कोंडाळ्यामुळे मनाला लावून घेऊ नये. सेंट पीटर्सबर्गच्या 'स्ट्रे डॉग' या तळघरातील कॅबरेमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याबरोबर गाणी आणि वाचने होणाऱ्या जागेत, अख्मातोवा, मांदेलश्ताम आणि मायकोव्हस्की हे रशियन कवी येत असत. तिथे कलावंत नसलेल्या पाहुण्यांना 'औषधविक्रेते' असे खोचक नाव होते आणि त्यांच्याकडून प्रवेशाचे जास्त पैसे घेतले जात. थोडक्यात, ज्यांना हसायचे त्यांच्याच पैशांवर कवींच्या मैफली चालत. हा दुटप्पीपणा या जगात अजूनही सौम्य रूपात आढळतो. तो एक-दोन भेटींत विरून गेला तर ठिकाण चांगले आहे, आणि चार-पाच भेटींनंतरही विरला नाही तर दुसरा वार शोधावा.

कार्यक्रम चालू असताना बोलू नये, खाण्यापिण्याची मागणी मध्येच देऊ नये आणि दोन सादरीकरणांच्या मधल्या वेळेतच उठावे. छायाचित्राबाबत विचारल्याशिवाय भ्रमणध्वनी वर काढू नये. बर्लिनमधील अनेक क्लबांमध्ये प्रवेश करतानाच भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. त्यामागे गूढता निर्माण करण्याचा हेतू नसतो. अर्धवट तयार झालेले काम आणि मोकळेपणाने वागणारी माणसे बाहेरच्या नजरेपासून सुरक्षित राहावीत, हे त्याचे कारण आहे. चाचपडणाऱ्या कवीची पहिली कविता त्याच्या संमतीविना जगभर पसरवणे हा अपराधच मानावा.

पाचवी पायरी : पैशांचा हिशेब

या ठिकाणांविषयी रम्य बोलणारे पुष्कळ आहेत. भाड्याविषयी बोलणारे थोडे. न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' या क्लबने १९७३ पासून तेहतीस वर्षे नव्या वादकांना मंच दिला आणि २००६ मध्ये भाड्याच्या वादानंतर तो बंद पडला. झुरिकमध्ये ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स यांनी ५ फेब्रुवारी १९१६ रोजी 'कॅबरे व्होल्तेर' सुरू केले, तेही एका मद्यगृहाच्या मागील खोलीत. तरुण कलावंतांची गर्दी झाली म्हणजे आपला खपही वाढेल, असा मालकाचा साधा हिशेब होता. कलेचे रूढ संकेत झुगारणाऱ्या 'दादा' या कलाचळवळीचा जन्म ज्या खोलीत झाला ती खोली बिअरच्या विक्रीवर चालत होती, हे ध्यानात ठेवले तर पुढील सूचना क्षुल्लक वाटणार नाहीत.

प्रवेश मोकळा असला तरी काहीतरी विकत घ्यावे, आणि तीन तास बसायचे असेल तर एका पेयावर टेबल अडवू नये. न्यूयॉर्कमधील जो सिनो यांच्या 'काफे सिनो'मध्ये १९५८ ते १९६८ या काळात नाटक संपल्यावर प्रेक्षकांत टोपी फिरवली जात असे आणि नटांची मिळकत प्रामुख्याने तीच असे. ही पद्धत आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. म्हणून रोख सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. 'ऐच्छिक देणगी' असे लिहिलेले असेल, तर शहरात चित्रपटाच्या तिकिटाला जे पडते त्याच्या जवळपासची रक्कम ज्याला परवडते त्याने द्यावी, आणि ज्याला परवडत नाही त्याने अपराधी न वाटून घेता थोडे देऊन नंतर खुर्च्या उचलू लागाव्यात. कलावंतांनी छापलेली पुस्तिका, छापचित्र किंवा ध्वनिमुद्रिका घेणे हा सर्वांत थेट मार्ग आहे, कारण ते पैसे मध्ये कुठेही अडत नाहीत.

सहावी पायरी : स्वतः सादर करायचे असेल तर

ओपन माइकमध्ये, म्हणजे कोणीही नाव नोंदवून सादर करू शकेल अशा कार्यक्रमात, नावनोंदणीची वही कार्यक्रमाआधी अर्धा-पाऊण तास उघडते आणि लवकर भरते. नाव लिहिताना वेळेची मर्यादा विचारावी आणि घरी घड्याळ लावून तालीम करावी. शिकागोच्या ग्रीन मिल क्लबमध्ये मार्क स्मिथ यांनी १९८६ मध्ये रुजवलेल्या पोएट्री स्लॅम या काव्यसादरीकरणाच्या स्पर्धेत साधारणपणे तीन मिनिटांची मर्यादा असते, वाद्य किंवा अन्य साहित्य वापरता येत नाही आणि प्रेक्षकांतून निवडलेले पाच परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. टोकियोत २००३ मध्ये सुरू झालेल्या पेचाकुचा या चित्रे दाखवत बोलण्याच्या प्रकारात वीस चित्रे, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे एकूण सहा मिनिटे चाळीस सेकंद मिळतात; चित्रे आपोआप पुढे सरकतात, वक्त्यासाठी थांबत नाहीत. स्पर्धेचा ताण नको असणाऱ्याने स्लॅमने आरंभ करू नये. साध्या ओपन माइकमध्ये आपले सादरीकरण झाल्यावर लगेच निघून जाणे हा मात्र सर्वत्र अक्षम्य समजला जाणारा उद्धटपणा आहे. शेवटच्या माणसापर्यंत बसावे.

कॅफेच्या भिंतीवर चित्रे लावण्याची संधी मिळाली, तर मैत्रीच्या भरात कागदाला फाटा देऊ नये. किती दिवस, विक्रीत जागेचा वाटा किती, चित्र खराब झाले किंवा चोरीस गेले तर भरपाई कोणाकडून, टांगणी आणि उतरवणी कोणी करायची, आणि खरेदीदाराचे पैसे आधी कोणाकडे येणार, ही पाच उत्तरे चार ओळींत का होईना, लिहून घ्यावीत. स्वयंपाकघराच्या शेजारची भिंत नाकारावी. वाफ आणि तेलकटपणा कागदावरील कामाचा घात करतात. चित्रे टांगायला जागेचे भाडे मागणाऱ्या कॅफेंपासून, निदान सुरुवातीला, दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या भिंतीचे भाडे चित्रकार भरतो तिथे कोणते चित्र लागावे याची निवड कोणीच करत नसते, आणि त्यामुळे पाहणाराही तिच्याकडे पाहत नाही.

सातवी पायरी : सुरक्षितता

कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात 'घोस्ट शिप' नावाच्या गोदामात कलावंत राहत आणि काम करत असत. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री तेथे संगीताचा कार्यक्रम चालू असताना लागलेल्या आगीत ३६ माणसे मृत्युमुखी पडली. आत सामानाची दाटी होती आणि खाली उतरायचा एक जिना लाकडी फळ्यांचा जुगाड होता. म्हणून अनोळखी गोदामात किंवा तळघरात शिरल्यावर बाहेर पडण्याचे दोन मार्ग स्वतः पाहून ठेवावेत. दुसरा मार्ग नसेल, किंवा आहे पण कुलूपबंद आहे, तर कार्यक्रम कितीही दुर्मीळ असो, परतावे. जागेच्या गरिबीचे कौतुक करताना ही एक बाब सोडून द्यायची नसते.

आवाजाचेही भान ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. छोट्या दगडी तळघरात ती सहज ओलांडली जाते. कानात घालायची बोंडे खिशात असावीत, ध्वनिक्षेपकाजवळ उभे राहू नये. रात्री बाहेर पडल्यावर दारात घोळका करून गप्पा मारू नयेत, कारण अशा जागा आतल्या संगीताप्रमाणेच रस्त्यावरच्या गोंगाटाच्या तक्रारींनीही बंद पडतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये, जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी घरे बांधणाऱ्यानेच ध्वनिरोधनाची जबाबदारी घ्यावी, असे तत्त्व नियोजनात आणले. परंतु सर्व शहरांत हे संरक्षण नाही. एकट्याने जाणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, परतीचे वाहन आधी ठरवावे आणि कोणी त्रास दिल्यास दारावरच्या किंवा गल्ल्यावरच्या व्यक्तीला लगेच सांगावे. ती तक्रार तिथे कशी घेतली जाते यावरून त्या ठिकाणी पुन्हा जायचे की नाही हे ठरते.

आठवी पायरी : हातभार

तीन-चार महिन्यांनी, चेहरा ओळखीचा झाला की, मदत देऊ करावी. आणि ती नेमकी असावी. "काही लागले तर सांगा" यापेक्षा "पुढच्या दोन बुधवारी मी दारावर बसतो" हे आयोजकाच्या उपयोगाचे असते. दारावर बसणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत फायद्याचे काम आहे: येणाऱ्या प्रत्येकाचे नाव कळते आणि पुढच्या वेळी प्रत्येक जण आपणहून बोलतो. पत्रके वाटणे, भाषांतर करून देणे, चित्रे टांगायला पाणसळ घेऊन हजर राहणे, हिशेबाची वही सांभाळणे यांपैकी जे जमते ते घ्यावे, आणि जमेल तेवढेच घ्यावे.

आपण ज्या जागेत रुळलो ती बंद पडण्याची शक्यता मोठी आहे हेही धरून चालावे. बंद होण्याची बातमी आली की शेवटच्या कार्यक्रमाच्या गर्दीत हळहळण्याबरोबर आयोजकांचे पत्ते, पुढील जागेचा बेत आणि लागणारी मदत विचारून घ्यावी. कॅबरे व्होल्तेर जेमतेम पाच महिने चालले आणि १९१६ च्या उन्हाळ्यात बंद झाले, तरी तीच मंडळी १९१७ च्या मार्चमध्ये झुरिकमध्येच 'गॅलरी दादा' या नव्या जागेत पुन्हा कार्यक्रम करू लागली होती. मधल्या काळात बैठक कोणाच्या घरी भरत असेल तर खुर्च्या कमी पडतात. जाताना एखादी घडीची खुर्ची बरोबर न्यावी.